महापालिकेच्या हद्दीतली वाळू

बांधकाम साहित्य तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी गेली अठरा वर्षे नोकरी करते, आणि या काळात माझ्या हाताखालून किती रेती गेली असेल याचा हिशेब मांडायचा झाला तर तो ब्रासमध्येच मांडावा लागेल. साइटवरून गोणी येते, आम्ही ती सुकवतो, ४.७५ मिलिमीटरपासून १५० मायक्रॉनपर्यंतच्या सहा चाळण्या एकावर एक रचून हलवतो, प्रत्येक चाळणीवर उरलेले वजन लिहितो, गाळ मोजतो आणि अहवाल पाठवतो. त्या गोणीवर ठेकेदाराचे नाव असते, साइटचे नाव असते, तारीख असते; ती रेती मुळात कुठली, हे मात्र सहसा लिहिलेले नसते आणि आम्हीही विचारत नाही. अहवालात तिला ‘फाइन ॲग्रीगेट’ म्हणतात, आमच्या तोंडी ती ‘रेती’ असते. माझ्या रत्नागिरीच्या माहेरी तिला ‘वाळू’ म्हणतात, आणि समुद्रकाठी ती पसरलेली असते त्या जागेला ‘पुळण’.

वाळूचे नमुने जमवण्याचा नाद मला माहेरामुळेच लागला. रत्नागिरीत किल्ल्याच्या एका बाजूला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला काळा समुद्र आहे. पाणी दोन्हीकडचे एकच, नावे पडली ती वाळूच्या रंगावरून. लहानपणी आम्हांला त्यात विशेष काही वाटत नसे. पुढे प्रयोगशाळेत दहापट मोठे दाखवणारे भिंग हाती आले, तेव्हा एका दिवाळीत दोन्हीकडची चिमूट-चिमूट आणून पाहिली आणि ती दुपार तशीच गेली. आज माझ्याकडे दोनशेच्या वर कुप्या आहेत. होमिओपॅथीची औषधे भरतात त्या तीस मिलिलीटरच्या काचेच्या कुप्या याला उत्तम पडतात. एका कुपीत साधारण पन्नास ग्रॅम कोरडी वाळू मावते.

नागपूरचे एक निवृत्त भूगोल शिक्षक हाच छंद जोपासतात. त्यांनी मला कन्हान, पेंच आणि वैनगंगा या तिन्ही नद्यांची वाळू व्यवस्थित चिठ्ठ्या लावून पाठवली होती. परतफेड म्हणून मी कोकणातल्या किनाऱ्यांचे नमुने पाठवले. त्यावर त्यांचा फोन आला. ‘ताई, किनारे झाले, छान झाले. आता तुमच्या मुंबईची वाळू पाठवा. एकाच शहराची, दहा प्रकारची. शहराची म्हणजे शहराचीच हं, सहलीला गेलात तिथली नाही.’ मी सहज होकार दिला. मग सरांनी तीन अटी घातल्या: जागा बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीत असावी, नमुना मी स्वतः उचललेला असावा, आणि त्या जागी येण्याआधी ती वाळू कुठे होती याबद्दल चिठ्ठीवर काहीतरी खात्रीचे लिहिता यावे. पहिल्या दोन अटींत अवघड असे काही नव्हते. तिसरीने मला पुढचे वर्षभर फिरवले.

सुरुवात नकाशापासून केली. पश्चिमेची बाजू सोपी होती. गिरगाव, दादर, माहीम, जुहू, वर्सोवा, मढ, आक्सा, मनोरी, गोराई ही नावे कुणीही सांगेल. पूर्वेकडे मात्र गोद्या, चिखल आणि तिवरे. तिथे वाळूची अपेक्षाच करू नये. उपग्रहचित्रात जिथे जिथे फिकट पट्टा दिसेल तिथे मी खुणा करत गेले, आणि त्यातल्या निम्म्या खुणा प्रत्यक्षात काँक्रीटच्या गच्च्या किंवा मोकळे प्लॉट निघाले. त्यापेक्षा जुन्या जागांची नावे जास्त कामाची आहेत, हे उशिरा लक्षात आले. मुंबईत बंदरांची नावे तिथे उतरणाऱ्या मालावरून पडलेली आहेत: लकडी बंदर, कोळसा बंदर, कौला बंदर. त्याच न्यायाने माहीमला रेती बंदर आहे. कळवा-मुंब्र्याकडेही रेती बंदर आहे आणि ते मला ऑफिसपासून जवळचे होते, पण ते ठाण्यात मोडते. सरांच्या पहिल्या अटीने ते बाद केले.

माहीमच्या रेती बंदरावर मी जानेवारीतल्या एका रविवारी गेले. नावावरून मी मनात ढीगच्या ढीग उभे केले होते. प्रत्यक्षात समोर किनारा, त्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी आणि मिठी नदी माहीमच्या खाडीत जे आणून सोडते त्याचा पातळ काळसर थर. मिठी ही विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यातून सुरू होते आणि निम्मे शहर धुऊन इथे समुद्राला मिळते. त्यामुळे जे मिळेल ते निखालस मुंबईचेच असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि चमचाभर नमुना घेतला. घरी येऊन आमची नेहमीची गाळाची चाचणी केली. काचेच्या उभ्या मापपात्रात मिठाचे पाणी घ्यायचे, त्यात वाळू घालून जोराने हलवायचे आणि तीन तास तसेच ठेवायचे. वाळू तळाशी बसते आणि गाळ तिच्यावर वेगळा थर धरतो. बांधकामाच्या रेतीत तो थर आठ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत पाठवतात. माहीमच्या नमुन्यात गाळ वर आणि वाळू खाली असा प्रकार न राहता गाळाखाली वाळू शोधावी लागली. पाच वेळा धुतल्यावर उरले ते दोन चमचे. ते मात्र सुंदर होते: ट्रॅपच्या, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्ट खडकाच्या, काळ्याभोर, निस्तेज कणांमध्ये शिंपल्यांचे पांढरे चुरे आणि एकच विटकरी तुकडा, जो चक्क विटेचा होता.

या फेरीने दोन गोष्टी पक्क्या केल्या. किनाऱ्यावर जायचे ते ओहोटीची वेळ पाहून, आणि पावसाळ्यात जायचे नाही. पावसाळ्यातल्या लाटा पश्चिम किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतात आणि पाऊस सरल्यावर ती हळूहळू परत येते. ऑगस्टमधला किनारा आणि फेब्रुवारीतला किनारा यांच्या नमुन्यांवर एकच चिठ्ठी लावणे चुकीचे ठरेल. ओहोटीची वेळ काढायला मी माहेरची रीत वापरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. मात्र अष्टमीची ओहोटी काही खरी नव्हे, त्या दिवशी पाणी फारसे आत जात नाही. सर्वांत लांब पाणी हटते ते पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यांच्या नंतरच्या एक-दोन दिवसांत. हल्ली मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिनिटांसह मिळतात. मी तेही पाहते, पण कॅलेंडरवरच्या तिथीवरून उत्तर आधी तोंडी काढते आणि दोन्हींत पंधरा-वीस मिनिटांचाच फरक निघाला की उगाच बरे वाटते.

माघातल्या द्वितीयेला, म्हणजे दीडला भरती आणि साडेसातला ओहोटी असा हिशेब करून, मी वर्सोव्याला गेले. हा किनारा २०१५ पासून अफरोज शाह आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी दर आठवड्याला उपसून मोकळा केला, हे सर्वांना माहीत आहे. मला त्याचा फायदा असा झाला की वाळूपर्यंत पोचायला काही बाजूला सारावे लागले नाही. नमुना कुठून उचलावा याचे मी स्वतःपुरते नियम केले आहेत. भरतीची ओली रेघ जिथे संपते तिथून दोन पावले खाली, वरचा एक-दोन सेंटिमीटरचाच थर, तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकेक चमचा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळूबरोबरच पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. पेनाची शाई ओल्या वाळूत फुटते, हे एकदा सहा नमुने अनोळखी करून बसल्यावर कळले. अक्षांश-रेखांश दशांशाच्या चार स्थळांपर्यंत लिहिते, म्हणजे जागा साधारण अकरा मीटरच्या आत नक्की होते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने तीनदा धुणे, वर्तमानपत्रावर सुकवणे, आणि मग भिंग.

वर्सोव्याच्या वाळूत जवळजवळ निम्मे कण शिंपल्यांचे होते. चिमूटभर वाळू बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर सोडले की ती सोड्यासारखी फसफसते. शिंपला चुन्याचा असतो म्हणून. ही परीक्षा चिमटीवरच करायची, सगळ्या नमुन्यावर केली तर नमुनाच उरत नाही. उरलेल्या कणांवरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले लोहचुंबक फिरवले तेव्हा काळे बारीक कण उडी मारून चिकटले. हा मॅग्नेटाइट, आपल्या काळ्या पाषाणातून सुटलेला. चुंबक उघडे वापरले तर ते कण त्याच्यावरून जन्मात निघत नाहीत. आणि या सगळ्यांत, मोहरीच्या दहाव्या भागाएवढे, गोगलगायीसारखे वळण घेतलेले फोरामिनिफेराचे दोन शंख सापडले. एकपेशीय जिवाने स्वतःभोवती इतके नेटके घर बांधावे, हे मला अजूनही पचत नाही. जुहूलाही त्याच दिवशी जाऊन आले; ती वाळू वर्सोव्याच्या वाळूची सख्खी बहीण निघाली, त्यामुळे ती दहांत घेतली नाही.

गिरगाव चौपाटीने मात्र मला पेचात पाडले. मी तिथे गेले ते दिवाळीनंतर, म्हणजे विसर्जन होऊन दोन महिने उलटल्यावर. टिळकांच्या पुतळ्याच्या समोरच्या अंगाला, पाण्याजवळ, मी गुडघ्यांवर बसून चमच्याने वाळू भरत होते तेव्हा बंदोबस्तावरचा एक तरुण शिपाई येऊन उभा राहिला. ‘मॅडम, काय शोधताय? काही पडलंय का?’ मी खरे ते सांगितले. त्याने पिशवी पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘एवढीशी कशाला नेताय? रेतीचोर ट्रक भरून नेतात.’ त्याचे म्हणणे अगदीच गमतीचे नव्हते. वाळू हे कायद्याने गौण खनिज आहे आणि किनारा नियमन क्षेत्रात तिचे उत्खनन करायला मनाई आहे. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर तर पर्यटकाने बाटलीभर वाळू नेली तरी ५०० ते ३००० युरोंपर्यंत दंड होतो. चमचाभर वाळूला कुणी उत्खनन म्हणणार नाही असे मी धरून चालते, पण एका जागी तीन चमचे ही मर्यादा मी कधी ओलांडत नाही, आणि कुणी विचारले तर पिशवी उघडून दाखवते.

पेच पडला तो घरी. धुतलेल्या वाळूत पांढऱ्या कणांचे प्रमाण पुष्कळ होते आणि ते शिंपल्यांचे असतील असे मी गृहीत धरले. व्हिनेगर सोडले, काही फसफसले, बरेचसे ढिम्म राहिले. त्यातला एक कण सुईने वेगळा करून नखाने दाबला तर त्याच्यावर चरा उठला. शिंपला नखाला दाद देत नाही, आणि गारगोटी तर नाहीच नाही. हे प्लास्टर ऑफ पॅरिस होते. मग भिंगाखाली नीट पाहिले तेव्हा एका कणाला सोनेरी रंगाची कड दिसली, मुकुटाची असेल किंवा बाजूबंदाची. माझ्या प्रयोगशाळेत हा ‘बाह्य पदार्थ’ ठरून वेचून टाकला गेला असता. मी चिमटा हातात घेऊन बराच वेळ बसले आणि शेवटी सरांना फोन केला. ते म्हणाले, ‘काढू नका. मला गिरगावची वाळू हवी आहे, गिरगावच्या वाळूबद्दलचं तुमचं मत नको.’ त्यांचे बोलणे जरा लागलेच, पण चिमटा खाली ठेवला.

मढकडच्या एरंगळच्या किनाऱ्याबद्दल थोडक्यात सांगते. मालाडहून बसने तिथे जाता येते आणि सेंट बोनाव्हेंचर चर्चच्या शेजारून थेट वाळूवर उतरता येते. मुंबई म्हणजे काळा बेसॉल्ट असे आपण समजतो, पण मढ-मनोरीच्या बाजूला ऱ्हायोलाइट आणि ट्रॅकाइट हे फिक्या रंगाचे ज्वालामुखीचे खडक आहेत. दहा कुप्या ओळीने मांडल्यावर एरंगळची कुपी बिस्किटाच्या रंगाने लगेच वेगळी दिसते.

नदीचा एक तरी नमुना हवा होता. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या मुंबईच्या चार नद्यांपैकी दहिसर नदी तुळशी तलावापासून निघते आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून वाहत येते, त्यामुळे तिच्या वरच्या अंगाला निर्मळ वाळू मिळेल हे उघड होते. तेवढेच उघड हेही होते की राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून आणायचे नसते, वाळलेले पानसुद्धा नाही. म्हणून मी उद्यानाच्या बाहेर, बोरिवलीच्या बाजूला, पुलाखालच्या कोरड्या पात्रात उतरले. मार्च महिना होता. पाण्याची धार एका कडेने, वास सर्व कडांनी. शेजारच्या इमारतीच्या खिडकीतून एका आजींनी ‘अहो, तिथे उतरू नका, साप असतात’ अशी हाक दिली आणि मी वर येईपर्यंत त्या खिडकीतच उभ्या राहिल्या. नमुन्यात ट्रॅपचे कोनदार कण, हिरव्या बाटलीच्या काचेचे गुळगुळीत झालेले तुकडे आणि सिमेंटचे गोळे होते. काच गुळगुळीत व्हायला समुद्रच लागतो असा माझा समज होता; दहिसर नदीलाही ते साधते.

येथवर पाच कुप्या भरल्या होत्या आणि निसर्गाने ठेवलेल्या जागा जवळजवळ संपल्या होत्या. उरलेल्या पाच जागा माणसांनी वाळू आणून ठेवलेल्या असणार होत्या, आणि इथून पुढे शोध जागेचा न राहता चौकशीचा झाला.

रस्त्याकडेचा रेतीचा ढीग ही शहरातली सर्वांत सोपी जागा, असे वाटेल. मुलुंडला आमच्या घराजवळच एका बांधकामापुढे दोन ढीग होते, एक तांबूस आणि एक राखाडी. वॉचमनने मुकादमाला बोलावले, मुकादमाने पुरवठादाराला फोन लावला. तांबूस ढीग गुजरातेतला, ‘भरुच साइडचा’, असे तिकडून उत्तर आले. ठेकेदाराच्या तोंडी उत्तरावर मी नोकरीत कधी विसंबले नसते, म्हणून भिंगाला विचारले. कणांत पारदर्शक गारगोटी भरपूर आणि गुलाबी फेल्स्पारही होता. आपल्या ट्रॅपच्या पोकळ्यांमध्ये गारगोटी सापडते, पण फेल्स्पारच्या गुलाबी कणांसह इतकी नाही. ही वाळू ट्रॅपच्या मुलखाबाहेरून वाहत आलेली होती, आणि नर्मदेकाठचे भरुच त्या वर्णनाला बसत होते. कन्हानच्या कुपीशेजारी ती ठेवली तर नागपूरचीही म्हणून खपली असती. राखाडी ढीग म्हणजे क्रश सँड, खाणीतला काळा दगड यंत्रात फोडून केलेली. हिच्या कणांना प्रवासच घडलेला नसतो. धारा सगळ्या शाबूत, बोटांना टोचणाऱ्या. मुंबईच्या बांधकामांत आज बहुतेक हीच दिसते.

तिची कुपी मात्र मी त्या ढिगावरून भरली नाही. भाद्रपदात हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी दादरच्या बाजारातून पूजेची पत्री आणायला सांगितली आणि त्याबरोबर पिंडीसाठी वाळूही. फुलबाजारात एक बाई पत्रीच्या जुड्यांशेजारी वाळूच्या पुड्या मांडून बसल्या होत्या. मी विचारले, ‘कुठली हो वाळू?’ त्या म्हणाल्या, ‘चौपाटीची, ताई. धुतलेली.’ घरी आल्यावर पुडी सोडून पाहिली तर स्वच्छ क्रश सँड! सासूबाईंना सांगितले नाही. क्रश सँडमध्ये दगडाची बारीक भुकटी असते, त्यामुळे ओली केल्यावर ती घट्ट धरते. पिंड अशी सुबक वळली गेली की सासूबाई म्हणाल्या, ‘यंदाची वाळू चांगली आहे, पुढच्या वर्षी त्याच बाईकडून आण.’ पुडीत उरलेली चमचाभर कुपीत गेली. चिठ्ठीवर काय लिहावे याचा मी विचार केला आणि शेवटी दोन्ही लिहिले: विक्रेतीचे म्हणणे आणि भिंगाचे म्हणणे.

पेट्रोल पंपावरच्या लाल बादल्या हा मुलाने सुचवलेला पर्याय. आग विझवण्यासाठी टांगलेल्या त्या बादल्यांत वाळू असते हे रोज दिसत असून माझ्या ध्यानात आले नव्हते. पंपाच्या व्यवस्थापकांनी हसून परवानगी दिली. पहिल्या बादलीत वाळूपेक्षा सुपारीची वेष्टने आणि चहाचे कागदी पेले जास्त निघाले, तेव्हा त्यांचे हसू मावळले आणि त्यांनी तिथल्या तिथे एका मुलाला बादल्या साफ करायला बसवले. दुसरीतली वाळू बारीक, कोरडी, एकसारखी चाळलेली होती. ती कुठून येते हे त्यांना ठाऊक नव्हते. ज्याच्याकडून अग्निशमनाचे साहित्य येते तोच भरून देतो. त्या पुरवठादाराचे दुकान शोधून काढायला मला दोन शनिवार लागले. त्याच्या मागच्या खोलीत सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याची सिलिका वाळू लिहिलेली गोणी उघडी होती आणि तिच्यातूनच बादल्या भरल्या जात होत्या. कोकणातली वाळू शोधत मी कोकणभर फिरले होते. ही घरापासून दहा मिनिटांवर, लाल बादलीत टांगलेली होती.

सर्वांत जास्त जीव रमला तो भडभुंज्याकडे. स्टेशनजवळ एक काका गेली कित्येक वर्षे हातगाडीवर शेंगदाणे आणि चणे भाजतात. लोखंडी कढई, तिच्यात काळी गरम वाळू, झाऱ्याने एक वळसा, चाळणीत झटका, आणि दाणे वर, वाळू खाली. चाळणीतून पडणाऱ्या त्या वाळूकडे मी आजवर शेंगदाण्यांच्या नादात पाहिले नव्हते. त्यांना विचारले तेव्हा कळले की साधी रेती यात चालत नाही. कण जाड असला तर दाण्यांबरोबर चाळणीवरच राहतो आणि गिऱ्हाइकाच्या दाताखाली येतो, फार बारीक असला तर दाण्याच्या सालीला चिकटतो, आणि खारी असली तर कढई गंजते. त्यांची वाळू गावाकडच्या नदीची, शरयूकाठची. दर एक-दोन वर्षांनी गावी गेले की येताना एक पोते भरून गाडीत सीटखाली टाकून आणतात. थंड झालेली मूठभर त्यांनी कागदाच्या पुडीत घालून दिली, शेंगदाण्यांची देतात तशीच शंकूच्या आकाराची पुडी, आणि पैसे घेतले नाहीत. मी शेंगदाणे विकत घेतले. भिंगाखाली प्रत्येक कणावर तेलाचा आणि काजळीचा चकचकीत काळा लेप होता. एका कणाचा लेप खरवडल्यावर आतून स्वच्छ अभ्रक चमकले. ट्रॅपच्या वाळूत असे अभ्रक मला आजवर कधी दिसलेले नाही, आणि शरयू हिमालयातून येणाऱ्या पाण्यावर पोसलेली नदी आहे. त्यांच्या सांगण्यावर संशय घ्यायला जागा नव्हती.

नऊ झाल्या. दहाव्या कुपीसाठी मी प्रयोगशाळेतली प्रमाण वाळू घ्यावी की काय या विचारात होते. सिमेंटची ताकद तपासायला देशभर तमिळनाडूतल्या एन्नोरची एकच वाळू तीन ठरावीक जाडींत वापरतात, आणि ती आमच्या कपाटात कायम असते. पण आमची प्रयोगशाळा ठाण्यात आहे. पुन्हा तीच हद्द आडवी आली.

त्याच सुमारास आमच्या इमारतीचा पुनर्विकास मंजूर होऊन घरे रिकामी करायची तारीख आली. इमारत १९६८ ची, तीन मजली. सामान बांधताना स्वयंपाकघरातले फडताळ हलवले आणि त्याच्यामागे भिंतीला धरलेला लोणा उघडा पडला. बोटाने दाबले तर प्लास्टर भुसभुशीत होऊन हातात आले. सवयीने तळहातावर पसरून पाहिले. त्यात एक शंख होता, घड्याळाच्या चावीएवढा, टोकदार, पूर्ण शाबूत. सासूबाईंना दाखवला तर त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. ‘अगं, तेव्हा रेतीत शिंपले असायचेच. इमारत बांधत होते तेव्हा आम्ही समोरच्या चाळीत राहायचो. ट्रक रिकामा झाला की पोरं ढिगावर शिंपले वेचायला धावायची. कळव्याच्या रेती बंदरावरून यायची ती रेती, खाडीतली. बुडी मारून बादलीनं काढायचे.’ खाडीत बुडी मारून हाताने रेती काढण्याच्या त्या पद्धतीला सरकारी कागदांत आजही ‘हातपाटी-डुबी’ म्हणतात. आणि भिंतीला आयुष्यभर लोणा का धरत होता, दर दोन वर्षांनी रंगाचे पोपडे का निघत होते, स्लॅबमधल्या सळ्या गंजून का फुगल्या होत्या, याचेही कारण त्या तळहातावरच होते: खाडीची रेती पुरेशी न धुता वापरलेली. अठरा वर्षे मी लोकांच्या रेतीतले क्षार मोजून अहवाल पाठवले, आणि घरी फडताळ भिंतीपासून हलवले नव्हते.

प्लास्टरचा ढेकूळ लाकडी बत्त्याने हलके फोडून, पाण्यात चोळून, चार वेळा निथळून दहावी कुपी भरली. शंख वरच्या बाजूला दिसेल असा ठेवला. चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश लिहिले, ‘मूळ: ठाण्याची खाडी, कळवा रेती बंदरमार्गे’ असे लिहिले, ‘नमुन्याची जागा: तिसरा मजला, स्वयंपाकघराची पूर्वेकडची भिंत, फडताळामागे’ असे लिहिले, आणि दहाही कुप्या कापसात गुंडाळून नागपूरला पाठवल्या.

आठ दिवसांनी सरांचा फोन आला. सगळ्या कुप्या सुखरूप पोचल्या होत्या. भडभुंज्याची कुपी उघडली की अजून भाजक्या शेंगांचा वास येतो, असे ते म्हणाले. मग म्हणाले, ‘एक राहिलं. दहाव्या नमुन्याची उंची लिहिलेली नाही तुम्ही. जमिनीपासून किती?’ आम्ही तोवर भाड्याच्या घरात राहायला आलो होतो आणि इमारतीच्या जागी पत्र्याचे कुंपण उभे होते. मी अंदाजाने नऊ मीटर सांगितले, आणि त्यांनी ते लिहून घेतले.